कात्री न लावता

ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी अनुभवली नाही, त्यांना घरात लोकरी कोट असण्याचे महत्त्व सांगून कळत नाही. पुण्या-मुंबईचे आमचे नातलग डिसेंबरात येतात ते एखादा पातळ स्वेटर घेऊन, आणि दुसऱ्याच सकाळी रजईतून हात बाहेर काढावयास तयार नसतात. पारा चार-पाच अंशांवर उतरला, वर धुके आले आणि त्यात उत्तरेचा वारा सुटला, म्हणजे लष्करातल्या आपल्या जुन्या वाड्यांतील दगडी जोती रात्रभर गारवा साठवून ठेवतात व दिवसभर तो परत करीत राहतात. मध्य भारत राज्य होते तेव्हा, म्हणजे १९४८ ते १९५६ या काळात, ग्वाल्हेर ही त्या राज्याची हिवाळी राजधानी आणि इंदूर उन्हाळी. ही वाटणी कोणी केली असेल ती असो. हिवाळ्यात ग्वाल्हेरला यावे लागणाऱ्या इंदूरकर कारकुनांनी पहिला खर्च कोटावरच केला असणार, असे आम्हांला वाटते.

आपल्या मराठी घरांतून असे कोट अजून पुष्कळ आहेत. ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या वासात, जुन्या धोतरात गुंडाळलेले. ज्याच्यासाठी शिवले तो माणूस गेला, आणि कोट राहिला. कापड उत्तम, शिवण भक्कम. पण नव्या पिढीच्या अंगावर घालून पाहावे तर खांदे बसतात आणि बाह्या बोटांपर्यंत येतात. मग तो पुन्हा ट्रंकेत जातो. बाह्यांनी अडलेला कोट घरच्या घरी बसता करता येतो, तोही कापडाचा एक धागा न कापता, हे गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघी जावांनी करून पाहिले. त्याची ही हकीकत आहे. आणि तीत शिवणकामाशिवाय दुसरेही थोडे येईल, त्यास इलाज नाही.

कोट मामंजींचा. राखी रंगाचा, माशाच्या काट्यासारख्या विणीचा, अस्तर लावलेला. कापड १९६६ साली ग्वाल्हेरच्या मेळ्यातून घेतलेले. माधवराव महाराजांनी १९०५ साली सुरू केलेला हा मेळा आजही भरतो, आणि त्या काळी लष्करातली बहुतेक घरे वर्षाची लोकर तेथूनच आणीत. आम्ही दोघी या घरात आलो तेव्हापासून मामंजींना हिवाळ्यात त्याच कोटात पाहिले. तानसेन समारोहाला रात्र रात्र मांडवात बसून गाणी ऐकावयाची ती याच कोटात. कृष्णराव शंकर पंडितांचे गाणे ऐकले ते याच कोटात, असे ते अभिमानाने सांगत, जणू गाण्याचा काही अंश त्या लोकरीत मुरला असावा. १९९८ साली मामंजी गेले. त्यानंतर दर वर्षी दिवाळी आटोपली की सासूबाई कोट काढून उन्हात घालीत, ब्रशाने झाडीत, खिशांत कडुनिंबाचा वाळला पाला भरीत आणि परत ठेवीत. कसर त्याला कधी लागली नाही.

धाकटीचा मुलगा सतरा वर्षांचा. त्याला पुढील शिक्षणासाठी डेहराडूनला जावयाचे ठरले तेव्हा त्याने आपण होऊन आजोबांचा कोट मागितला. आजकालच्या मुलाने जुना कोट मागावा याचे आम्हांला नवल वाटले आणि बरेही वाटले. खांदे, छाती, उंची, सारे नेमके बसले. बाह्या मात्र इंचभर लांब. आमच्या दोघींच्या मनात एकदमच एक गोष्ट आली आणि आम्ही सासूबाईंकडे पाहिले. त्या आता पंच्याऐंशीच्या आहेत. त्यांनी कोटाची बाही हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, “घालू दे त्याला. पण कापडाला कात्री लावायची नाही.”

बाजारात एका शिंप्याला विचारले, तर त्याने प्रामाणिकपणे सांगितले की तो दीड इंच दाब ठेवून बाकीचे कापून टाकील, कारण न कापता आत दुमडत बसणे त्याला परवडत नाही. त्याचेही खरेच आहे. तेव्हा बाह्या सरसावून आम्हांलाच हे काम करणे भाग होते. (मराठी भाषेने बाहीला कामाला लावले, नाही असे नाही, पण अस्तनीतला निखाराही तिनेच दिला. कोटाची बाही उसवावयास बसलो तेव्हा आत निखारा नव्हता, लोकरीच्या धुळीचा एक गोळा तेवढा निघाला.)

प्रथम माप. आमच्या घरात ‘माप’ म्हणण्याऐवजी ‘नाप’ म्हणतात आणि हेमेला ‘तुरपाई’. पुण्याची मंडळी हसतात, हसोत. माप घेताना मुलाला नेहमीचा पूर्ण बाहीचा सदरा घालावयास लावावा, कोटाची बटणे लावावीत, आणि हात ताठ लोंबता न ठेवता किंचित वाकवून उभे करावे. मनगटाच्या बाहेरच्या बाजूस जे हाड वर येते, तेथे कोटाची कड टेकावी आणि सदऱ्याची पट्टी तिच्याखाली अर्धा इंच दिसावी. दोन्ही हात निरनिराळे मोजावेत, हे सर्वांत महत्त्वाचे. माणसाचे दोन खांदे सारखे नसतात. आमच्या मुलाचा उजवा खांदा, दप्तराच्या कृपेने, थोडा उतरता आहे. डावी बाही एक इंच उचलावी लागली तर उजवी सव्वा इंच. नवी कड खडूने न आखता पांढऱ्या दोऱ्याच्या धावदोऱ्याने आखावी, म्हणजे ती आतून-बाहेरून दिसते आणि हाताळताना पुसली जात नाही.

उसवण्यापूर्वी एक गोष्ट पाहिलीच पाहिजे. बाहीच्या चिरेवर जी बटणे असतात, त्यांची काजे खरी कापलेली आहेत की नुसती शोभेची, की मुळीच नाहीत? काजे खरोखर कापलेली असतील तर खालून बाही उचलता येत नाही, कारण बटणे वर सरकवावी तर काजे तेथेच राहतात. मग बाही खांद्यातून उसवून वरून कमी करावी लागते, आणि ते काम मात्र घरी करू नये; खांद्याचा गोल परत बसवणे ही मुरलेल्या कारागिराची विद्या आहे. आमच्या कोटाला काजे नव्हती, नुसती बटणे होती, एका बाहीला तीन. कोटाच्या आतल्या खिशाच्या कडेला आणखी दोन बटणे, तशीच, आतल्या बाजूने टाचून ठेवलेली होती. त्यांचा अर्थ तेव्हा आम्हांला लागला नाही.

बटणे काढून एका दोऱ्यात ओवून ठेवली. मग अस्तर. अस्तराची खालची कड कापडाच्या दाबावर हाताने बारीक टाक्यांनी शिवलेली असते. तेथे ब्लेड चालवू नये. दर तिसरा-चौथा टाका सुईच्या टोकाने उचलून लहान कात्रीने तोडावा, म्हणजे उरलेला दोरा आपोआप सुटून येतो. कात्री येथे चालते, कारण ती दोऱ्याला लावावयाची आहे. सासूबाई तेवढ्यासाठी आमच्या शेजारीच बसून होत्या.

अस्तर सुटले आणि दुमडलेले कापड उलगडले, तेव्हा आम्ही दोघी थांबलो. शिंपी साधारणपणे बाहीला दीड इंच दाब ठेवतो. येथे तो सव्वादोन इंच होता. दुमडीच्या आत, आजच्या कडेच्या पाऊण इंच खाली, जुन्या कडेची एक रेघ होती. तेवढ्या पट्टीत लोकर थोडी गडद, आणि तिच्या बाजूने जुन्या टाक्यांची बारीक छिद्रे. ज्या दोऱ्याने आताची कड शिवलेली होती तो शिंप्याचा नव्हता. हाताचे टाके होते, एकसारखे, लहान, घरातले. म्हणजे या कोटाच्या बाह्या पूर्वी एकदा उचललेल्या होत्या. मामंजींच्या मापाने शिवलेल्या कोटाला तसे करण्याचे कारण काय?

सासूबाई म्हणाल्या, “ते माझे टाके आहेत.”

हा कोट मामंजींचा नव्हताच. तो त्यांच्या थोरल्या भावासाठी शिवला होता. मामंजींपेक्षा ते उंच होते, आणि घरात पहिला लोकरी कोट त्यांचा, कारण पहिली सरकारी नोकरी त्यांची. त्यांनी तो तीन हिवाळे वापरला. १९६९ च्या पावसाळ्यात आठ दिवसांच्या तापाने ते गेले. लग्न झालेले नव्हते. त्या वर्षी थंडी पडली तेव्हा मामंजींजवळ कोट नव्हता आणि नवा शिवण्याची ऐपत नव्हती. घरात एक कोट होता आणि त्याकडे कोणी बोट दाखवीत नव्हते. शेवटी आजेसासूबाईंनीच तो सुनेपुढे आणून ठेवला आणि सांगितले, याच्या अंगाला येईल असा कर, पण त्याचे कापू नकोस काही. सासूबाई तेव्हा तिशीच्या आत होत्या. शिवणाचे यंत्र घरात नव्हते. रात्री सारी निजल्यावर चार रात्री बसून त्यांनी दोन बाह्या केल्या. चौथ्या बटणाला जागा राहिली नाही, म्हणून प्रत्येक बाहीचे एक बटण काढले. पण टाकवेना, म्हणून आतल्या खिशाशी टाचून ठेवले.

थोरल्या मामंजींची एक तसबीर आमच्या देवघराशेजारी आहे. श्राद्धाच्या दिवशी तिला हार घालतो. त्याहून अधिक आम्हांला काही ठाऊक नव्हते. मामंजींनी तो कोट जवळजवळ तीस हिवाळे घातला आणि एकदाही आम्हांला सांगितले नाही. सासूबाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या की त्यांनाही ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत. फक्त पहिल्या दिवशी घातला तेव्हा आरशात न पाहता बाहेर गेले.

त्यानंतर त्या दिवशी काम झाले नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. पुढचा भाग शिवणाऱ्यांसाठी नीट सांगितला पाहिजे, कारण घरगुती कामात बाह्या बिघडतात त्या येथेच. बाही ही सरळ नळी नव्हे. ती मनगटाकडे निमुळती होत जाते. कड इंचभर वर दुमडली की दुमडलेला भाग अरुंद आणि ज्या ठिकाणी तो टेकवावयाचा ती बाही रुंद, असा प्रकार होतो. तो तसाच शिवला तर बाहेरून बाहीला गळपट्ट्यासारखा आवळ पडतो. दाब जितका मोठा तितका हा दोष मोठा. आमचा तर डाव्या बाहीला सव्वातीन इंच आणि उजवीला साडेतीन होणार होता. यावर उपाय असा की, मागच्या शिवणीला चीर असल्यामुळे ती बाजू आपण होऊन फाकते. आतल्या बाजूच्या शिवणीची टीप मात्र दुमडीत जाणाऱ्या भागापुरती उसवावी, नव्या कडेच्या अलीकडे अर्धा इंच सोडून. म्हणजे कापड न कापता दाब पंख्यासारखा मोकळा होतो आणि बाहीवर सपाट बसतो.

कडेत जी कॅनव्हासची उरेब पट्टी असते ती सोडवून नव्या कडेवर आणावी. ती नसेल तर बाहीची कड थोड्याच दिवसांत मऊ पडून लोंबू लागते. मग दाब धावदोऱ्याने कच्चा बसवावा आणि इस्त्री करावी. लोकरीवर कोरडी इस्त्री कधीही फिरवू नये, कापडाला चकाकी येते. वर ओला पिळलेला पंचा ठेवून इस्त्री उचलून-टेकवून दाबावी, आणि कापड गार होईपर्यंत हलवू नये. बाहीत घालावयास शिंप्याजवळ लाकडी ठोकळा असतो. आम्ही लाटण्याला टर्किश टॉवेल गुंडाळून तो घातला आणि तो उत्तम चालला. जुन्या कडेची रेघ आता आत गेल्यामुळे दिसण्याचा प्रश्न नव्हता. उलट कधी बाही लांब करावयाची वेळ आली, तर अशा रेघेवर पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर मिसळून त्यात भिजवलेल्या कापडावरून इस्त्री केली म्हणजे ती पुष्कळशी निघते. पण आधी कोपऱ्यात लपणाऱ्या जागी करून पाहावे. झिजून पातळ झालेले कापड मात्र कशानेही भरून येत नाही.

दाबाची तुरपाई तिरप्या, एकमेकांना छेदणाऱ्या टाक्यांनी केली. वरच्या कापडाचा एकच धागा सुईत घ्यावा आणि दोरा ओढू नये. ओढला की बाहेर खळी पडते. धाकटीचा हात यात हलका, थोरलीचा जड. तेव्हा दोन्ही बाह्यांची तुरपाई धाकटीने केली आणि इस्त्री थोरलीने.

राहिले अस्तर, आणि साऱ्या कामात हेच अवघड. बाही एक इंच कमी झाली म्हणून अस्तरही तेवढेच कमी केले पाहिजे हे उघड आहे. पण ते नेमके तेवढेच करून चालत नाही. अस्तर नेहमी बाहीपेक्षा अर्धा इंच तरी सैल असावे लागते. हात वाकवला की कोपराशी लांबी अधिक लागते; लोकर थोडी ताणते, अस्तराचे गुळगुळीत कापड ताणत नाही. सैलपणा नसेल तर अस्तर बाहीची कड आत ओढते आणि चार दिवसांत काखेत उसवते. सासूबाईंनी १९६९ साली अस्तराचे पाऊण इंच खालीच आत दुमडले होते. त्यावर आणखी इंच दुमडला असता तर कडेशी जाड वळकटी झाली असती. हा पेच त्यांनीच सोडवला. वरची लोकरी बाही मोज्यासारखी उलटी सोलून खांद्याकडे सारावयास लावली. अस्तराची नळी आतल्या बाजूने उघडी पडली. मग दंडावर, कोपर आणि काख यांच्या मध्ये, अस्तराला सगळीकडून अर्ध्या इंचाची आडवी चूण घालावयास सांगितली. अर्ध्या इंचाची चूण एक इंच लांबी खाते. चुणीची कड लोकरीकडे राहिली, त्यामुळे हात घालताना बोट अडकत नाही. काखेत अस्तर थोडे विरले होते, तेथे जुन्या साटिनचा तुकडा आतून लावला. आमच्या अस्तराला पांढऱ्यावर निळ्या बारीक रेघा आहेत. पुरुषांच्या कोटाच्या बाह्यांना असे पट्ट्यांचे अस्तर घालण्याची जुनी चाल आहे, आणि बाहेरून कोणाला दिसत नसतानाही ती का पाळतात हे आम्हांला एरवी कळले नसते. ते कोट चढवताना दिसते, ज्याचा आहे त्याला.

उजव्या बाहीला चूण पावणेदोन सुतांची अधिक घ्यावी की एका सुताची, यावर आम्हां दोघींत बराच वाद झाला. पाव इंच अधिक कमी करावयाचा तर चूण अर्धा पाव, म्हणजे एकच सूत, अधिक लागते. थोरलीने कागदाची पट्टी दुमडून दाखवल्यावर वाद मिटला.

चीर आता दोन-सव्वादोन इंचांची राहिली. तीन बटणांना जागा नव्हती. मेण लावलेल्या दोऱ्याने प्रत्येक बाहीला दोन-दोन बटणे लावली, कडेपासून सव्वा इंचावर पहिले. दोन्ही बाह्यांना मिळून चार दिवस गेले. सासूबाईंनाही चार रात्री लागल्या होत्या, आणि त्या वेळी त्या एकट्या होत्या.

मुलाने कोट घातला. तो आरशासमोर पुष्कळ वेळ उभा राहिला, सतरा वर्षांची मुले राहतात तसा. सासूबाईंनी त्याला जवळ बोलावून कोपर वाकवावयास सांगितले, बाहीची कड हलते का ते पाहिले, मग आत बोट घालून अस्तर चाचपले. त्याला कोणाचा कोट हे सांगावे की नाही, याचा आम्ही दोघी आदल्या रात्री विचार करीत होतो. ते सासूबाईंनीच सांगितले, सारे, थोरल्या मामंजींच्या नावासकट. आणि पुढे हात लांब झाले तर आत साडेतीन इंच आहे, आईला किंवा काकूला सांग, असेही सांगितले. त्याने तसबिरीकडे पाहिले आणि विचारले की ते किती उंच होते. सासूबाई उठल्या, देवघराच्या दाराशी गेल्या आणि चौकटीवर हात ठेवून म्हणाल्या, “इथपर्यंत.”

निघालेली दोन बटणे आम्ही आतल्या खिशाशी, आधीच्या दोहोंच्या शेजारी टाचू लागलो, तर त्यांनी ती मागून घेतली आणि आपल्या शिवणाच्या डबीत टाकली.